एलितेसेरिएन, २०२०

एलितेसेरिएन, २०२० : नॉर्वेतील पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीच्या फुटबॉल साखळीचा २०२० सालचा हंगाम. १६ संघ, ३० फेऱ्या आणि २४० सामन्यांचा हा हंगाम १६ जूनला सुरू होऊन २२ डिसेंबरला संपला. बोडो/ग्लिम्ट या संघाने पाच सामने शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले. या संघाचे हे पहिलेच विजेतेपद. उत्तर नॉर्वेतल्या कुठल्याही संघाने देशाची साखळी जिंकण्याचीही ही पहिलीच वेळ होती. मोल्डे दुसरा, व्हॉलेरेंगा तिसरा आणि रोसेनबोर्ग चौथा आला. स्टार्ट आणि ऑलेसुंड हे संघ खालच्या श्रेणीत गेले.

आधी नावाचा उलगडा. बोडो हे नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, आर्क्टिक वृत्ताच्या थोडे उत्तरेला वसलेले, सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव. त्याच्या नावातला शेवटचा स्वर मराठी वर्णमालेत नाही. स्थानिक लोक ‘बूडे’ आणि ‘बूडो’ यांच्या मधला काहीतरी उच्चार करतात. इथे सोयीसाठी ‘बोडो’ लिहिले आहे, आसामातल्या बोडोंशी त्याचा काही संबंध नाही. ‘ग्लिम्ट’ म्हणजे चमक, लकाकी. १९१६ साली क्लब स्थापन झाला तेव्हा नाव एवढेच होते. पुढे त्याच नावाचा दुसरा एक क्लब देशात असल्याने १९४८ मध्ये गावाचे नाव तिरप्या रेघेसह पुढे जोडले गेले, आणि ती रेघ आजतागायत टिकून आहे.

नॉर्वेची साखळी युरोपातल्या मोठ्या साखळ्यांसारखी ऑगस्ट ते मे अशी चालत नाही. हिवाळ्यात मैदाने बर्फाखाली जातात, म्हणून हंगाम वसंतात सुरू होतो आणि त्याच कॅलेंडर वर्षात, हिवाळा बसायच्या सुमारास, संपतो. प्रत्येक संघ उरलेल्या पंधरा संघांशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा परक्या मैदानावर खेळतो. विजयाला तीन गुण, बरोबरीला एक. शेवटचे दोन संघ थेट खाली जातात. चौदाव्या क्रमांकाच्या संघाला आपली जागा राखण्यासाठी खालच्या श्रेणीतून झगडत वर आलेल्या संघाशी खेळावे लागते. देशव्यापी साखळीची सुरुवात १९३७-३८ मधली. १९९० पासून २०१६ पर्यंत ती प्रायोजकाच्या नावावरून ‘टिप्पेलिगाएन’ म्हणून ओळखली जाई. २०१७ पासून ती ‘एलितेसेरिएन’ झाली.

२०२० चा हंगाम ठरल्याप्रमाणे एप्रिलच्या सुरुवातीला सुरू व्हायचा होता. १२ मार्चला नॉर्वेत करोनामुळे निर्बंध लागले आणि सगळेच पुढे गेले. दर वर्षी १६ मे रोजी, राष्ट्रीय दिनाच्या आदल्या दिवशी, पूर्ण फेरी खेळवण्याची तिथे जुनी प्रथा आहे. त्या दिवशी स्टेडियम भरलेली असतात. या वर्षी १६ मे कोरडाच गेला. त्या वर्षीची राष्ट्रीय चषक स्पर्धा तर रद्दच झाली. अखेर जूनच्या मध्यावर साखळी सुरू झाली ती स्टेडियममध्ये फक्त २०० प्रेक्षकांना परवानगी देऊन. पुढे ही मर्यादा थोडी सैल झाली आणि पुन्हा आवळली गेली. सामने दाटीवाटीने घ्यावे लागणार असल्याने प्रत्येक संघाला एका सामन्यात तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवण्याची मुभा मिळाली.

या वेळापत्रकामुळे एक गंमत झाली. साखळी सुरू झाली त्या दिवसांत बोडोत सूर्य मावळतच नाही, मध्यरात्रीही तो क्षितिजाच्या वर असतो. साखळी संपली ती वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाला लागून. त्या आठवड्यात तिथे दुपारीसुद्धा नुसते झुंजूमुंजू असते, डोंगरांआडून सूर्याचे तोंड दिसत नाही.

ग्लिम्टच्या विजेतेपदाचे मोल कळायला थोडे मागे जावे लागते. उत्तर नॉर्वेतल्या क्लबांना राष्ट्रीय चषक स्पर्धेत १९६३ पर्यंत प्रवेशच नव्हता. सर्वोच्च श्रेणीचे दार त्यांच्यासाठी १९७२ मध्ये उघडले आणि नार्विकचा म्योल्नर हा त्या दारातून आत गेलेला पहिला उत्तरी संघ. कारणे दिली जात ती अंतराची आणि खर्चाची. त्यामागे, उत्तरेतले फुटबॉल कमअस्सल आहे, हा दक्षिणेचा समज नव्हता असे म्हणणे कठीण आहे. दार उघडल्यावरही उंबरठा उंचच राहिला. दक्षिणेतल्या गटविजेत्यांना थेट बढती मिळे, उत्तरेच्या गटविजेत्याला मात्र आणखी पात्रता सामने खेळावे लागत. ग्लिम्टने १९७४ आणि १९७५ असे लागोपाठ दोनदा आपला गट जिंकला आणि दोन्ही वेळा या पात्रता सामन्यांत अडकून तो खालीच राहिला. गमतीची गोष्ट अशी की १९७५ मध्येच, दुसऱ्या श्रेणीत खेळत असताना, त्याने राष्ट्रीय चषक जिंकला आणि पुढच्या वर्षी युरोपीय स्पर्धेत इटलीतल्या नापोलीशी सामने खेळले. देशातल्या पहिल्या श्रेणीत जागा नाही, पण नापोलीत आहे, अशी ती अवस्था होती.

१९७७ मध्ये ग्लिम्ट पहिल्यांदा वर आला आणि पदार्पणातच दुसरा ठरला. १९९३ मध्ये पुन्हा दुसरा (चषक मात्र त्या वर्षीही जिंकला), २००३ मध्ये पुन्हा दुसरा, २०१९ मध्ये पुन्हा दुसरा. अधूनमधून संघ खालच्या श्रेणीत घसरतही होता. २०१७ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून तो परत आला होता. म्हणजे २०२० चे विजेतेपद हे बढतीनंतरच्या तिसऱ्याच हंगामातले.

भूगोल मात्र बदललेला नव्हता. ट्रॉम्सो २०१९ मध्ये खाली गेल्यामुळे २०२० मध्ये उत्तरेतला ग्लिम्ट हा एकटाच संघ साखळीत उरला होता. त्याचा सर्वांत जवळचा ‘शेजारी’ म्हणजे ट्रॉनहाइमचा रोसेनबोर्ग. बोडोहून ट्रॉनहाइमला जाणारा लोहमार्ग ७२९ किलोमीटरचा आहे. मुंबईहून नागपूरला जायचे तर याहून फार वेगळे अंतर पडत नाही, आणि हा झाला जवळचा सामना. देशाच्या दक्षिण टोकाला, क्रिस्तियानसांडला, स्टार्टविरुद्ध खेळायचे तर विमानाशिवाय गत्यंतर नाही.

प्रशिक्षक शेटिल क्नुटसेन हे बेर्गनकडचे. २०१७ मध्ये ते सहायक म्हणून आले आणि २०१८ पासून मुख्य प्रशिक्षक झाले. त्यांचा संघ ४-३-३ अशा रचनेने खेळे. चेंडू गमावला की मागे न सरता तिथल्या तिथे प्रतिस्पर्ध्यावर तुटून पडायचे, आणि मिळाला की दोन-तीन झटपट पासांत गोलक्षेत्रात शिरायचे. आघाडी मिळाल्यावर खेळ आवरता घेणे या संघाला जमत नसे, किंवा त्याला ते मान्यच नव्हते. बियॉर्न मान्स्वेर्क हे निवृत्त लढाऊ वैमानिक खेळाडूंच्या मनाची तयारी करून घेत. बोडोत हवाईदलाचा मोठा तळ होता, त्यामुळे फुटबॉल क्लबाला वैमानिक सापडणे तिथे तितकेसे नवलाचे नाही. गुणतालिकेतल्या स्थानाबद्दल, जिंकण्याच्या उद्दिष्टाबद्दल संघात बोलायचेच नाही, बोलायचे ते फक्त आजच्या सरावाबद्दल, असा शिरस्ता पडला. अंगावर गोल झाला की खेळाडू एकमेकांकडे हातवारे न करता मैदानातच वर्तुळाकार कडे करून उभे राहतात आणि काय चुकले ते थोडक्यात बोलून घेतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते गोल केल्याचा जल्लोष वाटावा इतके ते शांतपणे चालते.

संघ महागडा नव्हता. आदल्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडू होकोन एव्येन नेदरलँड्समध्ये गेला होता. जे उरले त्यात बरेचसे गावचेच होते. मधल्या फळीतला पात्रिक बेर्ग हा बोडोच्या बेर्ग घराण्याच्या तिसऱ्या पिढीतला. आजोबा हाराल्ड, वडील ओर्यान आणि काका रुनार हे सगळे याच पिवळ्या जर्सीत खेळलेले. डावा बचावपटू फ्रेडरिक आंद्रे ब्योर्कान हा क्नुटसेन यांच्या आधीच्या प्रशिक्षकाचा मुलगा. डाव्या बगलेवरचा येन्स पेटर हाउगे बोडोतच जन्मलेला. त्यांच्या जोडीला आले दोन डॅनिश खेळाडू : आघाडीवर कॅस्पर युंकर आणि उजव्या बगलेवर फिलिप झिंकरनागेल.

या तिघांचे आकडे बोलके आहेत. युंकरने २७ गोल करून साखळीत पहिला क्रमांक मिळवला. झिंकरनागेलने १९ गोल केले आणि आणखी १८ गोलांसाठी शेवटचा पास दिला. हाउगेने १८ सामन्यांत १४ गोल केले आणि हंगाम अर्ध्यावर सोडून तो निघून गेला. त्याच्या जाण्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. २४ सप्टेंबरला युरोपा लीग या युरोपीय क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत ग्लिम्टची गाठ मिलानमधल्या सान सिरो स्टेडियमवर एसी मिलानशी पडली. पंधराव्या मिनिटाला हाउगेच्या पासवर युंकरने गोल केला आणि पाहुणे पुढे गेले. मिलानने पुढच्याच मिनिटाला बरोबरी साधली आणि मग ३-१ अशी आघाडी घेतली. तेवढ्यात हाउगेने दुरून मारलेला चेंडू जाळ्यात गेला. सामना ३-२ असा मिलानने जिंकला आणि आठवड्याभरात हाउगेलाच विकत घेतले.

गावचा पोरगा हंगामाच्या मध्यावर गेला तरी ग्लिम्टची गाडी अडली नाही. २२ नोव्हेंबरला द्रामेन येथे स्ट्रोम्सगोडसेटला २-१ असे हरवून विजेतेपद पक्के झाले. अखेरची ओळ अशी : ३० सामने, २६ विजय, ३ बरोबऱ्या, १ पराभव, गोल १०३ विरुद्ध ३२, गुण ८१. तो एकमेव पराभव मोल्डेच्या मैदानावर झाला. मोल्डेचे गुण ६२, म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात १९ गुणांचे अंतर. गोलांचा जुना विक्रम रोसेनबोर्गचा होता, १९९७ मधले ८७ गोल. तो मोडला हे खरे, पण रोसेनबोर्गने ते २६ सामन्यांत केले होते हेही नोंदवायला हवे. सरासरी काढली तरी ग्लिम्टचेच पारडे किंचित जड राहते : सामन्यामागे ३.४३ गोल, रोसेनबोर्गचे ३.३५.

प्रेक्षक नसल्यामुळे, वेळापत्रक विस्कटल्यामुळे हे घडले, अशी शंका काही जण घेतात. तिच्यात फारसा दम नाही. रिकामी स्टेडियम सोळाही संघांच्या वाट्याला आली होती. ग्लिम्ट आदल्या वर्षी दुसरा होता, आणि पुढच्या वर्षी, निम्मा संघ विकला गेल्यावरही, तो पुन्हा जिंकला. मोल्डेची बाजू मात्र समजून घेण्यासारखी आहे. गतविजेता असल्याने तो चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वोच्च क्लब स्पर्धेच्या पात्रता सामन्यांत खेळला, तिथे हंगेरीच्या फेरेन्त्स्वारोसविरुद्ध दोन्ही सामने बरोबरीत सुटूनही, परक्या मैदानावर जास्त गोल करणारा पुढे जातो या तेव्हाच्या नियमाने बाहेर पडला, आणि मग युरोपा लीगच्या गटात आर्सेनलपाठोपाठ दुसरा आला. आठवड्यातून दोन-दोन सामन्यांच्या त्या धबडग्यात साखळीतले गुण निसटत गेले. पण १९ गुण काही दमणुकीने जात नाहीत.

बाकीच्या संघांबद्दल थोडक्यात. रोसेनबोर्गने १९९२ ते २००४ अशी सलग तेरा विजेतेपदे मिळवली होती. या हंगामाची सुरुवात त्याने प्रशिक्षक बदलण्याने केली आणि शरदात अनुभवी ओगे हारेइदे यांच्याकडे सूत्रे दिली. तरी चौथ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. क्रिस्तियानसुंडच्या अमाल पेलेग्रिनोने २५ गोल केले. युंकर नसता तर हा हंगाम त्याच्या नावाने ओळखला गेला असता. स्टाबेक आठवा आला. भारतीय वाचकाला हा क्लब गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूमुळे ठाऊक असेल, २०१४ ते २०१७ या काळात तो तिथे होता आणि याच साखळीत खेळला होता. तळाला ऑलेसुंडची दैना झाली : ३० सामन्यांत दोन विजय आणि ११ गुण. म्योंडालेन चौदावा आला, पण सोग्नडालला हरवून त्याने आपली जागा वाचवली.

बोडोतल्या आस्पमीरा स्टेडियममध्ये साधारण आठ हजारांची सोय आहे आणि मैदान कृत्रिम गवताचे. तिथली ओळख म्हणजे प्रेक्षकांतून वर येणारा माणसाएवढा पिवळा टूथब्रश. १९७० च्या दशकात एका समर्थकाने टूथब्रश हातात धरून गाण्यांना ताल दिला, तेव्हापासून ही प्रथा पडली. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या हंगामात तो ब्रश पाहायला मैदानावर जेमतेम दोन-चारशे माणसे होती.

हंगाम संपताच झिंकरनागेल इंग्लंडमधील वॉटफर्डला आणि पुढच्या वसंतात युंकर जपानमधील उरावा रेड डायमंड्सला गेला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांच्याशिवाय खेळणाऱ्या ग्लिम्टने आस्पमीरावर इटलीतल्या रोमाला ६-१ असे हरवले. खाली गेलेल्या दोन संघांच्या जागी २०२१ साठी लिलेस्ट्रोम आणि ट्रॉम्सो वर आले. १९७७ मध्ये ग्लिम्टला मागे टाकून साखळी जिंकणारा संघ लिलेस्ट्रोमच. ट्रॉम्सो आल्यामुळे ग्लिम्टला पुन्हा एक उत्तरेचा शेजारी मिळाला, मात्र तिथे रेल्वे जात नाही.