इंजिनाचा भाता: सुपरचार्जर आणि आवाक्यातली स्पोर्ट्स कार

सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारे यंत्र, मी पहिल्यांदा हातात घेतला तो भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये. मर्सिडीजची जुनी सी-क्लास कामाला आली होती. मागच्या झाकणावर ‘कॉम्प्रेसर’ असा बिल्ला होता. जर्मन लोक सुपरचार्जरला कॉम्प्रेसरच म्हणतात. सुपरचार्जर फिरवणारा पट्टा उतरवलेला होता. पुली बोटांनी फिरवली तसे आतले दोन रोटर एकमेकांत गुंतून फिरू लागले, पण कुठेही घासले नाहीत. दोघांमधली फट डोळ्यांना जेमतेम दिसत होती. त्यांचा ताल सांभाळणारे गिअर शेजारच्या बंद कप्प्यात असतात आणि त्यातल्या तेलाला एक उग्र वास असतो, तो दिवसभर हाताला राहिला.

ताम्हिणीच्या वाटेवर चहाला थांबणाऱ्या मंडळींत ‘टर्बो की सुपरचार्जर’ हा वाद नेहमी रंगतो. टर्बोही हवाच दाबतो, पण तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर, म्हणजे एक्झॉस्टवर फिरतो. त्यातले बरेचजण सुपरचार्जरला मोटारींसाठीच निघालेली चीज समजतात. मुळात ते यंत्र मोटारीपेक्षा जुने आहे.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांची लोकरीची गिरणी होती. गिरणी चालवायला त्यांनी पाण्यावर फिरणारे एक यंत्र बनवले, त्यात लाकडाचे दोन फिरते ठोकळे होते. पाण्याने लाकूड फुगले आणि यंत्र अडकले. दुरुस्तीच्या खटपटीत लक्षात आले की हे यंत्र हवा मात्र जोरात फेकते. १८६० साली त्यांनी पेटंट घेतले आणि यंत्र ओतशाळांच्या भट्ट्यांना हवा पुरवू लागले. लोहाराच्या भात्याचे काम होते, फक्त न थांबता चालणारे. भोसरीत मी फिरवलेले रोटर याच घराण्यातले.

इंजिनाला भाता जोडण्यामागचे तर्कशास्त्र साधे आहे. पेट्रोल हवे तेवढे ओतता येते. ते जाळायला हवा किती मिळते यावर ताकद ठरते. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, पण वातावरणाचा दाब देईल तेवढीच. गॉटलिब डाइम्लरने १८८५ च्या पेटंटमध्येच सिलिंडरमध्ये जास्तीची हवा दाबून भरण्याची कल्पना मांडली होती. अमेरिकेतल्या ली चॅडविकने १९०८ मध्ये आपल्या शर्यतीच्या गाडीवर चामड्याच्या पट्ट्याने फिरणारा ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जरच, चढवला आणि त्या गाडीने पेनसिल्व्हेनियातली घाटाची शर्यत जिंकली. या यंत्राचे पहिले यश चढावरचे आहे, ही गोष्ट घाटमाथ्यावर राहणाऱ्या मला फार आवडते.

पहिल्या महायुद्धात उंचावरच्या विरळ हवेत विमानांची इंजिने मलूल पडू लागली, तेव्हा या विद्येला खरी निकड आली. तो अनुभव गाठीशी घेऊन मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर लावलेल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. १९२३ मध्ये मोंझाला कार्लो सालामानोने फियाट ८०५ वर इटालियन ग्राँ प्री जिंकली. सुपरचार्जरवाल्या गाडीचे ग्राँ प्रीतले ते पहिले यश. १९५१ पर्यंत त्या जगात भात्याचाच अंमल होता.

आजही चालणाऱ्या वादाचे मूळ मात्र बेंटलीत आहे. शर्यतपटू टिम बर्किनला साडेचार लिटरच्या बेंटलीवर ब्लोअर हवा होता. खुद्द कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली विरोधात होते. ताकद हवी असेल तर इंजिन मोठे करा, वरून हवा कोंबून चांगल्या इंजिनाची घडी बिघडवू नका, असे त्यांचे म्हणणे. बर्किनने आपलेच खरे केले. १९३० च्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत ब्लोअर गाड्या बाद झाल्या आणि शर्यत जिंकली ती बेंटलीच्याच मोठ्या इंजिनाच्या, बिनब्लोअरच्या स्पीड सिक्सने. पण त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्राँ प्रीत बर्किन ती धिप्पाड ब्लोअर घेऊन दुसरा आला. माझ्या मते बेंटलींचा मुद्दा त्यांच्या गाडीपुरता बरोबर होता. मोठ्या गाडीत मोठे इंजिन बसते. हलक्या, छोट्या गाडीत जागाच नसते, आणि जड इंजिन नाकावर ठेवले की तिची वळणावरची चपळाई जाते.

हे एमजी या ब्रिटिश कंपनीने ओळखले. त्यांच्या के-३ मॅग्नेटचे इंजिन जेमतेम ११०० सीसीचे, त्यावर सुपरचार्जर. १९३३ च्या मिले मिलिया या इटलीतल्या शर्यतीत ती आपल्या वर्गात पहिली आली आणि त्याच वर्षी ताझिओ नुवोलारीने आर्ड्‌सची टूरिस्ट ट्रॉफी तिच्यावर जिंकली. के-३ काही स्वस्त नव्हती, पण लहान गाडीला भाता शोभतो हे तिने दाखवून दिले. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनची शोरॉक आणि अमेरिकेची जडसन या कंपन्यांनी एमजी आणि फोक्सवॅगन बीटलसारख्या गाड्यांसाठी घरी बसवता येतील असे सुपरचार्जर विकायला काढले. ब्रॅकेट, पुली, पट्टा, नळ्या सगळे एका खोक्यात. आजच्या ‘किट’चे पूर्वज हेच.

नंतर १९८९ साल. माझदाची एमएक्स-५ शिकागोच्या प्रदर्शनात आली: दोन सीट, मागच्या चाकांना ताकद, १.६ लिटरचे साधे इंजिन, वजन टनाच्या आत. त्याच वर्षी फोर्डने थंडरबर्ड सुपर कूपवर ईटन कंपनीचा रूट्स पद्धतीचा, टिकाऊ सुपरचार्जर कारखान्यातूनच दिला. ईटनचाच धाकटा नमुना पुढे जॅक्सन रेसिंगच्या किटमधून एमएक्स-५ वर चढला. किटवाले वातावरणापेक्षा साधारण ६ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) जास्त दाब देतात. हिशेबाने हवा ४० टक्क्यांनी वाढते, पण दाबलेली हवा तापते आणि पट्टा फिरवायला इंजिनाचीच ताकद जाते, म्हणून हाती त्याहून कमी लागते. ताप वाढला की पेट्रोल वेळेआधी पेटते, नॉकिंग होते, आणि पिस्टन फुटायला वेळ लागत नाही. म्हणून पेट्रोलचा ऑक्टेन (नॉकिंग न होऊ देण्याची क्षमता) आणि ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या संगणकाचा मॅप यांत कंजुषी करू नये. मोबदल्यात पायाखाली जे येते त्याला तोड नाही: पट्टा थेट क्रँकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्यावर असल्याने ॲक्सिलरेटर दाबताक्षणी हवा हजर. टर्बोसारखी एक्झॉस्टची वाट पाहावी लागत नाही.

पुण्यात याला आणखी एक पदर आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर. तापमान सारखे धरले तर इथली हवा किनाऱ्यापेक्षा साधारण ६ टक्के विरळ, आणि साधे इंजिन तेवढे कमी ओढते. भात्याने ही तूट सहज भरून निघते.

तरी आपल्याकडे किटची परंपरा रुजली नाही, कारण ज्या गाडीवर ते शोभावे ती गाडीच आली नाही. एमएक्स-५ इथे अधिकृतपणे विकली गेली नाही. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म आणि अलिबागची चिंकारा रोडस्टर हे देशी प्रयत्न, दोन्ही मोजक्याच. आवाक्यातला वेग आपल्याला दिला तो पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांनी, पण टर्बोच्या वाटेने: चाकणची पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये, रांजणगावची १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये, तीही दहा लाखांच्या आत. वाया जाणाऱ्या एक्झॉस्टवर चालणारा टर्बो मायलेजच्या नियमांत बसतो. मर्सिडीजनेही २०१० च्या सुमारास सी-क्लासवरचा कॉम्प्रेसर काढून टर्बो दिला.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेपासून गाडी वेगळी करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. एमएच-१२ पाटीच्या रोजच्या गाडीवर किट चढवायचा विचार असेल तर आधी हे वाचावे. ज्यांना भाताच हवा, त्यांच्यासाठी पिंपरीत जुळणी झालेल्या त्या जुन्या कॉम्प्रेसर सी-क्लास सेकंडहँड बाजारात दिसतात. घेताना बॉनेट उघडा, इंजिन बंद असताना पट्टा आणि पुली नीट तपासा, आणि गिअरच्या कप्प्यातले तेल शेवटचे कधी बदलले ते मालकाला विचारा.