जनुकीय विचलन

जनुकीय विचलन म्हणजे समष्टीतील जनुकांच्या पर्यायी रूपांचे, म्हणजे युग्मविकल्पींचे, प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या निव्वळ योगायोगाने कमी-जास्त होत जाणे. समष्टी हा आपसांत प्रजनन करणाऱ्या एकाच जातीच्या जीवांचा समूह. उत्परिवर्तन (जनुकात अचानक होणारा बदल), नैसर्गिक निवड आणि स्थलांतरामुळे होणारी जनुकांची ये-जा यांच्या जोडीने विचलनामुळेही समष्टी उत्क्रांत होते. नैसर्गिक निवडीत उपयोगी रूप सरस ठरते आणि घातक रूप मागे पडते. विचलनाला उपयोगी-निरुपयोगी असा भेद ठाऊक नसतो. ‘विचलन’ हा शब्द तसा थोडा फसवा आहे. सांख्यिकीतल्या प्रमाण विचलनाशी त्याची गल्लत होते, आणि पाण्यावर वाहत जाणाऱ्या ओंडक्याचे चित्र डोळ्यांसमोर आणावे, तर ओंडक्याला निदान प्रवाहाची दिशा असते. इथे तीही नाही.

योगायोग शिरतो तो प्रजननाच्या वेळी. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रतींपैकी कोणती तरी एकच प्रत अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत उतरते. दोन वेगवेगळी रूपे बाळगणाऱ्या जीवाला दोनच पिल्ले झाली, तर त्यांतले एखादे ठरावीक रूप एकाही पिल्लात न जाण्याची शक्यता चारात एक असते. शिवाय कोणाला किती पिल्ले होतात, हेही बरेचदा नशिबावर असते. पुरात वाहून गेलेला किडा आणि फांदीला धरून वाचलेला किडा यांच्यात जनुकांचा काही फरक असतोच असे नाही. समष्टी मोठी असेल तर असे चढउतार एकमेकांना झाकून टाकतात. लहान समष्टीत मात्र एखादे रूप काही पिढ्यांतच नाहीसे होते, किंवा उलट इतर सर्व रूपांना हटवून तेवढेच उरते. या दुसऱ्या अवस्थेला स्थिरीकरण म्हणतात. एकदा स्थिरीकरण झाले की नवे उत्परिवर्तन घडेपर्यंत किंवा बाहेरून कोणी येईपर्यंत त्या जनुकापुरती विविधता संपलेली असते.

गणितज्ञ हार्डी आणि डॉक्टर वाईनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेल्या नियमानुसार, कोणतीही बाह्य शक्ती नसेल तर रूपांचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. पण त्यात समष्टी अमर्याद मोठी असल्याचे गृहीत धरले आहे, आणि अशी समष्टी निसर्गात कुठेच नसते. ही फट गणिताने भरून काढली ती प्रामुख्याने रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट या जनुकशास्त्रज्ञांनी. राइट यांचा १९३१ सालचा निबंध या विषयाचा पाया मानला जातो. विचलनाला उत्क्रांतीत किती महत्त्व द्यायचे, यावरून या दोघांत अनेक वर्षे चांगलीच जुंपली होती. त्यांच्या गणितातून निघालेला एक हिशेब सोपा आहे : समष्टीतील जीवांची संख्या ‘न’ मानली, तर दर पिढीला जनुकीय विविधतेचा १/(२न) एवढा हिस्सा गळतो. दहा जीवांच्या समष्टीत तो ५ टक्के, हजारांच्या समष्टीत अवघा ०.०५ टक्के.

पीटर ब्युरी यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला फळमाश्यांवरील प्रयोग विचलन डोळ्यांनी दाखवतो. त्यांनी १०७ छोट्या समष्ट्या तयार केल्या, प्रत्येकीत ८ नर व ८ माद्या. डोळ्यांच्या रंगाशी संबंधित एका जनुकाची दोन रूपे सुरुवातीला निम्मी-निम्मी होती, आणि रंग पाहूनच कोणत्या माशीत काय आहे ते ओळखता येत होते. दर पिढीतून १६ माश्या डोळे झाकून निवडायच्या आणि पुढची पिढी वाढवायची. एकोणिसाव्या पिढीपर्यंत निम्म्याहून अधिक समष्ट्यांत एकच रूप उरले होते. काहींत एक, तर जवळजवळ तितक्याच समष्ट्यांत दुसरे. सर्व समष्ट्यांची सरासरी मात्र फारशी हलली नव्हती. विचलनाची ओळख पटवायला याहून चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

या प्रयोगात विविधता १६ माश्यांच्या हिशेबापेक्षा वेगाने घटली. म्हणजे मोजलेली संख्या आणि विचलनाच्या दृष्टीने परिणामकारक ठरणारी संख्या वेगळी असते. १० नर आणि ९० माद्यांचा कळप डोक्यांनी १०० असला, तरी त्याची परिणामकारक संख्या ३६ च भरते, कारण पुढच्या पिढीची निम्मी जनुके त्या दहांकडूनच येतात. एखाद्या पिढीत संख्या एकदा कोसळली की तिचा परिणाम पुढे कितीतरी पिढ्या पुरतो.

अशा कोसळण्याला जनुकीय चिंचोळा मार्ग म्हणता येईल. उत्तर पॅसिफिकमधील हत्ती-सील हे समुद्री प्राणी तेलासाठी इतके मारले गेले की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम काही डझन उरले असावेत. संरक्षण मिळाल्यावर त्यांची संख्या लाखावर गेली, पण १९७४ मध्ये त्यांच्या प्रथिनांसंबंधीची २४ जनुकस्थाने तपासली तेव्हा एकाही ठिकाणी विविधता आढळली नाही. संख्या परत आली, विविधता नाही.

मूठभर जीवांनी नवी वस्ती वसवली तरी हेच घडते. त्याला संस्थापक परिणाम म्हणतात. मायक्रोनेशियातील पिंगेलॅप बेटावर १७७५ च्या सुमारास आलेल्या वादळातून जेमतेम २० माणसे वाचली, असे मानले जाते. त्यांच्यापैकी कोणाकडे तरी संपूर्ण रंगांधत्वाचे अप्रभावी (दोन्ही प्रती तशाच असतील तरच परिणाम दाखवणारे) जनुक होते. जगात इतरत्र हा विकार साधारण ३० हजारांत एकाला होतो. बेटावरच्या ४ ते १० टक्के लोकांना तो आहे. हे जनुक तिथे कोणत्या फायद्यामुळे वाढले, असा शोध घेत बसण्याचे कारण नाही. ते वाचलेल्यांमध्ये होते, एवढेच.

मग निवडीचे काय? एखाद्या रूपाचा फायदा साधारण १/(२न) पेक्षा कमी असेल, तर विचलन त्याला गिळून टाकते. मोठ्या समष्टीतसुद्धा १ टक्का फायदा देणारे नवे उत्परिवर्तन स्थिर होण्याची शक्यता सुमारे २ टक्केच असते. बाकीच्या वेळा ते सुरुवातीच्या काही पिढ्यांतच हरवते, असे ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२७ मध्ये दाखवले. जपानी जनुकशास्त्रज्ञ मोतू किमुरा यांनी १९६८ मध्ये याहून पुढे जाऊन म्हटले, की रेणूंच्या पातळीवरचे बहुतांश बदल ना फायद्याचे ना तोट्याचे, आणि ते विचलनानेच स्थिर होतात. या तटस्थ सिद्धांतावर बराच वाद झाला, आजही तपशिलांवर मतभेद आहेत; पण निवडीचा दावा करण्यापूर्वी ‘हे केवळ विचलनाने घडले असते का?’ हे तपासण्याची रीत तेव्हापासून रुजली.

विचलनाने विविधता गळाल्याचा तोटा लहान समष्टीला प्रत्यक्ष भोगावा लागतो. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात माळकोंबडी या गवताळ प्रदेशातील पक्ष्यांची संख्या १९९३ पर्यंत ५० च्या आत आली होती आणि त्यांची निम्म्याहून कमी अंडी उबत होती. इतर राज्यांतून पक्षी आणून सोडल्यावर अंडी उबण्याचे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेले.