नडगीतलं खोदकाम

शेजारच्या काकूंचं ठाम मत आहे की पळून पळून हाडं झिजतात. "टायर झिजतो तसं," असं म्हणत त्या रोज संध्याकाळी हळद घातलेल्या दुधाचा पेला आणून देतात. माझ्या डाव्या नडगीला स्ट्रेस फ्रॅक्चर आहे, म्हणजे पुन्हापुन्हा ताण पडून हाडाला गेलेला बारीक तडा, त्यामुळे वादात माझी बाजू सध्या लंगडीच.

चूक पळण्याची नाही, माझ्या घाईची. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनसाठी, यवतेश्वराच्या घाटात धाप लागू नये म्हणून, मी तीन आठवड्यांत आठवड्याचं अंतर जवळपास दुप्पट केलं. मग एके सकाळी नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटं वर, रुपयाएवढी एक जागा सापडली. अंगठ्याने दाबली की डोळ्यांत पाणी. एक्स-रेत काहीच नाही. एमआरआयमध्ये मात्र हाडाच्या आत पांढरट धुरकट डाग.

हे दुखणं पळणाऱ्यांच्या आधी सैनिकांचं. १८५५ साली ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी डॉक्टरने लांब कवायतीनंतर सैनिकांचे पाय सुजतात, अशी नोंद केली. कारण कळायला मार्ग नव्हता. क्ष-किरणच १८९५ साली सापडले.

आता काकूंचा टायर. टायर झिजतो आणि झिजलेलाच राहतो. हाड मात्र स्वतःला सतत उकरत आणि बुजवत असतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा दहाएक टक्के भाग दर वर्षी नवा होतो. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट धक्का येतो. त्याने हाडात केसाहून बारीक तडे जातात. तिथे ऑस्टिओक्लास्ट पेशींची टोळी पोचते, आम्ल सोडून खनिज विरघळवते आणि हाडात मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढा रुंद बोगदा पाडते. तिच्या मागून ऑस्टिओब्लास्ट येतात. ते गवंडी. बोगद्याच्या भिंतीवर थरावर थर चढवत ते मधे रक्तवाहिनीपुरती वाट ठेवतात.

गोम आहे ती वेळापत्रकात. एका जागेचं उकरणं साधारण तीन आठवड्यांत उरकतं, भरायला तीन-चार महिने जातात. रस्ता खोदणारे आणि बुजवणारे यांच्यातलं अंतर सांगलीकराला वेगळं समजवायला नको. मी अंतर दुप्पट केलं तेव्हा तडे वाढले, म्हणून बोगदे वाढले, आणि नेमक्या त्या पोकळ दिवसांत मी आणखी जोरात पळत होतो.

पण तडा कुठे गेला, हे टोळीला कळतं कसं? हा माझा सगळ्यात लाडका भाग. हाडात गाडून घेतलेल्या ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी असतात. त्यांचे तंतू सूक्ष्म नळ्यांमधून एकमेकींना जोडलेले असतात आणि नळ्यांत पाणीदार द्रव असतो. पाऊल पडलं की हाड किंचित वाकतं, द्रव सरकतो, पेशींना त्याचा ओघ जाणवतो. मग त्या स्क्लेरोस्टिन हे प्रथिन कमी सोडतात. स्क्लेरोस्टिन म्हणजे गवंड्यांना लागलेला ब्रेक. तो सुटला की बांधकाम वाढतं. जिथे तड्याने तंतू तुटतात तिथल्या पेशी मरतात आणि मरताना उकरणाऱ्यांना आवतण जातं. उलट, भारच नसेल तर ब्रेक लागलेला राहतो. अवकाशवीरांच्या खुब्याचं हाड महिन्याला एक-दीड टक्क्याने घटतं ते यामुळेच. म्हणून डॉक्टरांनी मला खाटेवर झोपवलं नाही. दुखणार नाही इतपत चाला, म्हणाले.

हे वाचल्यापासून मी पळण्याचा जास्तच ऋणी झालोय. आठ वर्षं मी कौतुक केलं ते बुटांचं आणि छातीच्या भात्याचं. या नडगीने तेवढ्या काळात माझं प्रत्येक पाऊल मोजून आपली जाडी बेतली, आणि मला ती आठवली दुखल्यावर.

राहता राहिली हळद. सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, हळद साठवायला जमिनीत खोदलेल्या हरिपूरच्या पेवांचा मला अभिमान आहे, आणि काकू देतात ते दूध मी पितो, कारण ते दूध आहे. पण हळदीचा गुण ज्यात मानतात ते कुरकुमिन तिच्यात असतं वजनाच्या तीनेक टक्के, आणि त्यातलंही फार थोडं रक्तात उतरतं. तासगावच्या आत्या मात्र "हाड बसवणाऱ्या" एका माणसाकडे चल म्हणतायत. जे जागचं हललेलंच नाही ते बसवायचं कुठे? तडा गेलेल्या हाडावर जोरात मालीश म्हणजे ओल्या गिलाव्यावर नाचणं.

पाचवा आठवडा चालू आहे. रविवारी मी छत्री घेऊन आयर्विन पुलावर उभा असतो, दोस्तांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळत. शेजारी कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते बघायला आलेली मंडळी कठड्यावरून वाकलेली. मागून ओळखीची पावलं येतात. कोण टाच आपटतं, कोण चवड्यावर पळतं, हे आता न बघता कळतं. मागच्या रविवारी त्यातल्या एकाला थांबवलं आणि विचारलं, "या आठवड्यात किती वाढवलंस?"

"काय ओ, थोडंच," म्हणाला.

मी खाली वाकून त्याच्या नडगीवर अंगठा फिरवला.