जीपवरची हातक्रेन: ती आली कुठून आणि 'मूळ' म्हणायचं कशाला

जुन्या सीजे-थ्रीबी जीपवर हाताने फिरवायची क्रेन असेल आणि ती गाडी रिस्टोर करायला घेतली की पहिल्या आठवड्यातच वाद सुरू होतो, क्रेन ठेवायची की काढायची. बघायला येणारे बहुतेक जण सांगतात की काढून टाक, मागचा हौदा नव्या पत्र्याचा कर, कंपनीतून निघाली तशी दिसली पाहिजे. मला हे पटत नाही. का पटत नाही ते सांगायचं तर ही क्रेन जीपवर कधी, कशासाठी आणि कुणी चढवली तिथपासून सुरुवात करावी लागेल.

लांबचा इतिहास थोडक्यात. गाडीवर क्रेन बसवून दुसरी गाडी ओढायची ही कल्पना अमेरिकेतल्या चॅटनूगा गावच्या एका गॅरेजवाल्याची, साल १९१६. ओढ्यात उलटलेली ओळखीच्या माणसाची गाडी काढताना इतकी माणसं आणि इतका वेळ लागला की त्याने नंतर एका जुन्या कॅडिलॅकच्या चेसिसवर क्रेन उभी केली, पुढे त्याचाच होम्स नावाचा कारखाना झाला. दुसऱ्या महायुद्धात त्याच घराण्यातल्या दोन बूमच्या, म्हणजे उचलायच्या दोन लांब दांड्यांच्या, क्रेन डायमंड टी सारख्या सहाचाकी ट्रकवर बसून फौजेबरोबर फिरल्या. पण या सगळ्या ट्रकवरच्या क्रेन, जीपचं त्यात काही नाही. जीप म्हणजे फौजेच्या भाषेत पाव टनाची, म्हणजे पाव टन माल वाहणारी गाडी, स्वतःचं वजन अकराशे किलोच्या आसपास, पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ८० इंच. ती ओढायला पक्की, पण उचलण्यासाठी कधी बनवलेलीच नव्हती. अमेरिकेत लढाईनंतर जीपसाठी छोट्या क्रेन विकायला आल्या हे खरं, पण आपल्याकडच्या जीपांवर ज्या दिसतात त्यांचा त्याच्याशी संबंध फार थोडा.

आपल्याकडची गोष्ट वेगळी आहे आणि ती खरी गॅरेजची गोष्ट आहे. लढाई संपल्यावर फौजेच्या जीपा लिलावात निघाल्या, स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जीपची जुळणी सुरू झाली, मग उंच बॉनेटची सीजे-थ्रीबी आली. अमेरिकेत हे मॉडेल १९५३ ला आलं आणि १९६८ ला बंद झालं, आपल्याकडे मात्र ते पुढे कितीतरी वर्षं बनत राहिलं. पाटबंधारे, जंगल, पोलीस, सगळ्या खात्यांत तीच गाडी, आणि खात्यात दहा-पंधरा वर्षं झिजली की लिलावात. लिलावात ती घ्यायचा कोण, तर हायवेवरचा गॅरेजवाला, कारण चेसिस दणकट, फोर व्हील ड्राइव्ह असल्यामुळे चिखलात अडकत नाही आणि पार्ट कुठेही मिळतात.

साधारण १९७० ते ९० हा या क्रेनचा काळ. खंडाळ्याचा घाट, कसारा, खंबाटकी, कशेडी, प्रत्येक घाटाच्या पायथ्याला एखाद्या गॅरेजसमोर अशी जीप उभी असायचीच, नाक रस्त्याकडे आणि मागे आकाशात बूम. मोबाईल नव्हते, फोनही सगळीकडे नव्हते, म्हणून अँबेसिडर नाहीतर पद्मिनी मोरीत गेली की येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरच्या हाती चिठ्ठी द्यायची किंवा तोंडी निरोप, "खाली गॅरेजवाल्याला सांगा, तिसऱ्या वळणावर गाडी आहे." रात्री दोनला का असेना, जीप निघायची.

या क्रेन कुठल्या कारखान्यातून यायच्या नाहीत. गावातल्या वेल्डिंगवाल्याने भंगारातली चॅनल कापून दोन पाय आणि एक बूम केलेली असते, ते पाय थेट चेसिसला बोल्ट मारून बसवलेले असतात, मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवलेले असतात, आणि विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं यंत्र, बऱ्याचदा विहिरीच्या यारीची. आपल्याकडे गावाकडे यारी म्हणजे विहीर खोदताना दगड-माती वर काढायचं यंत्र, आणि तिची हातविंच शोधली की मिळायची. म्हणून काही जुने मेकॅनिक अजूनही जीपवरच्या क्रेनला यारीच म्हणतात. आरटीओच्या कागदावर मात्र ना यारी असते ना क्रेन. सरकारी यादीत टो ट्रक, ब्रेकडाऊन व्हॅन आणि रिकव्हरी वाहन असे शब्द आहेत, पण यातल्या कितीतरी गाड्यांच्या आरसी बुकात नुसतं 'जीप' एवढंच असतं, कारण क्रेन चढवली तेव्हा कुणी कागद करायला गेलंच नाही.

मी जी क्रेन जवळून बघतोय तिचं सांगतो. छोटं दातेरी चाक हँडलला, ते मोठ्या चाकाला फिरवतं, मोठं चाक ड्रमला, आणि ड्रमच्या बाजूला खटका. वर उचलताना खटका दातावरून टक टक टक करत सरकतो आणि हात सुटला तरी लोड जागच्या जागी राहतो. खाली सोडताना मात्र खटका हाताने वर धरायचा आणि हँडल घट्ट पकडून उलटं सोडत यायचं, त्यात एकदा हात निसटला की हँडल पंख्यासारखं फिरतं आणि मनगट मोडतं. या क्रेनच्या हँडलवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आहे, खूप जुनी, कडक झालेली, आणि तिच्यावर चार बोटांचे खड्डे पडलेत. खटक्याचं टोक इतकं झिजलंय की सहाव्या-सातव्या दाताला घसरतं. बूमवर पिवळा रंग, त्याच्या खाली लाल, त्याच्या खाली रेड ऑक्साइड, आणि पिवळ्यावर हाताने रंगवलेलं 'दीड टन'.

या दीड टनाबद्दल एक स्पष्ट करायला हवं कारण त्यावरून आजही लोक फसतात. दीड टन ही विंचची ताकद झाली, जीपची नाही. हुक मागच्या अ‍ॅक्सलपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर मागे असतो, त्यावर पाचशे किलो टांगलं, म्हणजे अँबेसिडरचं नाक समजा, तर पुढच्या चाकांवरचं जवळजवळ तीनशे किलो वजन कमी होतं, आणि पुढे मुळात असतंच पाचशेच्या आसपास. स्टिअरिंग हलकं पडतं, घाटाच्या चढाला तर जास्तच. म्हणून पुढच्या बंपरवर वाळूची पोती बांधायचे, नाहीतर गॅरेजचा पोरगा बॉनेटवर बसायचा. या जीपच्या पुढच्या बंपरला मागून रेल्वे रुळाचा तुकडा वेल्ड केलेला आहे, तो त्याचसाठी.

हे सगळं संपलं कशामुळे तर बऱ्याच गोष्टी एकदम बदलल्या. १९८३ नंतर मारुती आली, तिच्या बंपरला चेन लावली की बंपर हातात यायचा. हायड्रॉलिक क्रेन आल्या, मग गाडी अख्खी पाठीवर घेऊन जाणारे फ्लॅटबेड आले. २००२ ला मुंबई-पुणे एक्सप्रेसवे पूर्ण झाला तेव्हा तिथली मोठी गाडी काढायला या जीपचा काही उपयोगच नव्हता. क्रेन जीपा गॅरेजमागे गवतात गेल्या, बऱ्याच कापून भंगारात गेल्या.

आता खरा वादाचा मुद्दा, 'मूळ स्वरूप'. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात ठेवलेली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली, तर तिला 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी २० हजार, पुन्हा नोंदणीची ५ हजार, मुदत १० वर्षं. रोज चालवायची नाही, धंद्याला वापरायची नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरती रस्त्यावर. नियम चांगला आहे, खूप गाड्या त्याने वाचतील. पण क्रेन जीपला 'मूळ' हा शब्द लावला की गाडी अडते.

कारण मूळ म्हणजे कधीचं? एक अर्थ कायद्यात आधीपासून आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सन २००० मध्ये बदललं आणि त्यात निर्मात्याने मुळात जे ठरवलं त्यापेक्षा वेगळा तपशील होईल असा बदल मालकाने करायचा नाही असं आलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच ठामपणे सांगितलं. म्हणजे मूळ म्हणजे कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडली ती गाडी. या अर्थाने बघितलं तर क्रेन हा बदल, काढा. आज कुणी नव्या गाडीवर असं काही चढवलं तर तो नियम बरोबरच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही, रस्त्यावर माणसं मरतात. पण ही क्रेन त्या सगळ्याच्या कितीतरी आधी चढलेली आहे. जीपचं कारखान्यातलं आयुष्य एका दिवसाचं, खात्यातलं दहा-पंधरा वर्षांचं, आणि क्रेनसकट आयुष्य तीस वर्षांचं. यातलं मूळ कुठलं?

आणि काढायची म्हटली तरी 'मूळ' परत येतच नाही. चेसिसला पायांसाठी पाडलेली भोकं, त्याभोवती वेल्ड केलेल्या पट्ट्या, कापलेला हौदा, वाढवलेले पाटे, हे सगळं तिथेच राहतं. भोकं भरायची, पट्ट्या ग्राइंडरने उडवायच्या आणि नवा हौदा बसवायचा तर तोच मोठा बदल झाला की, आणि त्यातून तयार होते ती जीप याआधी कधीच अस्तित्वात नव्हती. बाजारात बाहेरून चकचकीत झालेल्या अशा जीपा खूप आहेत. मला वाटतं क्रेन ठेवणं हाच गाडीशी जास्त प्रामाणिकपणा आहे, आणि कागदावर तिचं वय जीपपेक्षा वेगळं लिहायची सोय व्हायला पाहिजे. आज ती नाही, म्हणून मालक घाबरून क्रेन कापतात, आणि कापलेली क्रेन किलोवर जाते.

ठेवायची ठरलं तरी दुसरा प्रश्न येतो, नुसती दिसायला ठेवायची की उचलती करायची. इथे मी उचलती करायच्या बाजूचा आहे, पण काही गोष्टींत जुनेपणाचं प्रेम बाजूला ठेवून. वायररोप जुना अजिबात ठेवायचा नाही, तार तुटून काटे वर आलेत, एका जागी दोर बारीक झालाय, तो फोटो काढून फेकायचा. नवा ८ मिलिमीटरचा घेतला तर वरची कप्पी त्याला पुरेशी मोठी आहे का बघायचं, छोट्या कप्पीवर दोर लवकर मरतो. मोठं दातेरी चाक बिडाचं आहे, त्याला तडा असेल तर साधा रॉड मारून चालत नाही, शेजारीच पुन्हा फुटतं, मिलिंगवाल्याकडून नवं कापून घेणंच बरं. मग जेवढं उचलायचं ठरवलंय त्याच्या सव्वापट वजन आवारात टांगून बघायचं, जीपचं नाक साखळीने बांधून. आणि 'दीड टन' हे रंगवलेलं तसंच ठेवून खाली खरा आकडा लिहायचा. या क्रेनसाठी आम्ही चारशे किलो ठरवलाय, त्यावर नाही.

सध्या खटका लेथवाल्याकडे आहे. जुना त्याला नमुना म्हणून दिलाय, नवा ईएन-८ पोलादाचा बनतोय, आणि नवीन बनलेल्या प्रत्येक तुकड्यावर आतल्या बाजूला पंचने साल ठोकायचं असं ठरलंय, म्हणजे पुढे कुणी उघडलं तर त्याला कळेल कुठलं तेव्हाचं आणि कुठलं आत्ताचं. हँडलवरची ट्यूबची पट्टी तशीच राहणार आहे.