देशी मका म्हणजे ‘निसर्गाने दिला तसा’? नाही!

“जुनी देशी वाणं निसर्गाने दिली तशीच, माणसाने ढवळाढवळ केली ती प्रयोगशाळा आल्यावर,” असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे खरं नाही. मक्याचंच पाहा. त्याचा पूर्वज टिओसिंटे, मेक्सिकोतलं रानगवत. त्याच्या बोटाएवढ्या कणसात जेमतेम ५ ते १२ दाणे, तेही दगडासारख्या टणक कवचात आणि पिकले की गळून पडणारे. सुमारे ९,००० वर्षांपूर्वीपासून तिथल्या शेतकऱ्यांनी न गळणारे, उघडे, टपोरे दाणे बियाण्याला राखले. जनुकाचं नावही ठाऊक नसताना, केवळ नजरेने! मला तर हे थक्क करणारं वाटतं. आजचं कणीस सोलून पाहा: शेकडो दाणे बुरकुंडाला घट्ट चिकटलेले. माणसाने सोलून पेरल्याशिवाय मक्याची पुढची पिढी धड उभी राहत नाही.