विंडोज दुरुस्त करायची की फॉरमॅट मारायचा: एका सवयीची पार्श्वभूमी

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीतल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी संगणक सुरू होईनासा झाला की पहिला सल्ला ठरलेला असतो: फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. ही सवय आळसातून आलेली नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तोच सल्ला बहुतेक वेळा बरोबर होता. त्यामागची कारणे नंतर एकेक करून संपली, सल्ला मात्र तसाच चालत राहिला. आज त्यापायी ग्रामपंचायतींचे दाखले, कृषी केंद्रांचे हिशेब आणि सेवा केंद्रांची कामे अडकतात, म्हणून ही कारणे समजून घ्यायला हवीत.

पहिले कारण वीज. चंद्रपूरला महाऔष्णिक केंद्र असूनही विदर्भातल्या खेड्यांनी २००० नंतरच्या दशकात दिवसाचे कित्येक तास भारनियमन सोसले. तेव्हाचे बहुतेक संगणक विंडोज ९८ वर चालत आणि त्याची फाइल व्यवस्था, म्हणजे डिस्कवर फाइली कुठे ठेवल्या याचा हिशेब ठेवणारी पद्धत, होती फॅट ३२. तिच्यात लिहिण्याच्या कामाची आगाऊ नोंद ठेवली जात नसे. फाइल लिहीत असतानाच लाईन गेली की अर्धवट नोंदी तशाच राहत. पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर डिस्क तपासणारा स्कॅनडिस्क सुरू होई आणि तुटलेले तुकडे वेगळ्या फाइलींत टाकून मोकळे होई. दुरुस्तीची सोय तेव्हाही होती. विंडोज ९८ रजिस्ट्रीच्या (सगळ्या सेटिंगच्या नोंदवहीच्या) शेवटच्या ५ प्रती जपून ठेवी आणि डॉसमध्ये जाऊन ‘स्कॅनरेज’ला रिस्टोअर सांगितले की जुनी प्रत परत येई. पण इन्व्हर्टरशिवाय चालणाऱ्या संगणकावर हा प्रकार दर महिन्याला होणार असेल, तर नव्याने विंडोज टाकणे सोपे वाटणारच.

२००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आली. तिच्यासोबत एनटीएफएस ही फाइल व्यवस्था घरगुती संगणकांपर्यंत पोहोचली. ती बदलांची नोंद आधी ठेवते, त्यामुळे अचानक वीज जाण्याचा फटका बराच कमी झाला. एक्सपीच्या सीडीत दुरुस्तीचा चांगला मार्गही होता, पण तो लपलेला होता. पहिल्या पडद्यावर ‘आर’ दाबले की रिकव्हरी कन्सोल, म्हणजे हाताने आज्ञा टाइप करण्याचा काळा पडदा, उघडे आणि बहुतेक जण तिथेच थांबत. खरी दुरुस्ती हवी असेल तर आधी एंटर, मग करार मान्य करायला एफ८, जुनी विंडोज सापडल्याचा पडदा आला की दुसऱ्यांदा ‘आर’. प्रोग्राम आणि फाइली जागच्या जागी राहत. हे पाऊल फार थोड्यांना ठाऊक होते.

त्यात अडचण होती इंटरनेटची. एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक, म्हणजे दुरुस्त्यांचा गठ्ठा, ऑगस्ट २००४ मध्ये आला. त्याची पूर्ण फाइल साधारण २६६ एमबीची. डायल-अपवर सेकंदाला ५ केबी मिळाले तर ती उतरवायला जवळपास १५ तास लागत, आणि तेवढा वेळ फोनचे बिलही चढत राही. म्हणून जुन्या सीडीवरून टाकलेली एक्सपी दुरुस्त्यांविना तशीच वापरली जाई. २००३ चा ब्लास्टर हा वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) अशाच संगणकांत थेट नेटवरून शिरे आणि ६० सेकंदांची उलटी गणती दाखवून यंत्र बंद करून पुन्हा सुरू करी.

खेड्यात नेटपेक्षा पेन ड्राइव्हने जास्त नुकसान केले. फोल्डरचे चित्र लावलेल्या एक्सई (प्रोग्रामच्या) फाइली, शॉर्टकट बनवणारे व्हायरस, सॅलिटी, कॉनफिकर हे सगळे झेरॉक्सच्या दुकानातून संगणक वर्गात आणि तिथून पंचायतीत फिरत राहिले. दुकानदार सी ड्राइव्ह फॉरमॅट करून यंत्र परत देत आणि दोन दिवसांत तोच त्रास सुरू होई, कारण सॅलिटीसारखा व्हायरस प्रोग्रामच्या फाइलींमध्येच घुसतो. डी ड्राइव्हवर जपून ठेवलेले सेटअप उघडले की तो पुन्हा सी वर येई. दोष फॉरमॅटचा नव्हता, डी न तपासता उघडण्याचा होता. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप काही सुरू होण्याची सोय मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजवरही अपडेटमधून बंद केली. पण ते अपडेट मिळायलाही नेट लागत होतेच.

पुढे परिस्थिती झपाट्याने बदलली. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये दुरुस्तीची साधने डिस्कवरच आली, २०१२ च्या विंडोज ८ मध्ये फाइली राखून नव्याने सुरुवात करण्याची सोय झाली. विंडोज १० ने परवाना थेट यंत्राशी जोडला. आता त्याच मदरबोर्डवर तीच आवृत्ती पुन्हा टाकली की परवान्याचा क्रमांक न देताही नेट लागताच ती सक्रिय होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि ५-६ जीबीची आयएसओ, म्हणजे विंडोजची पूर्ण इन्स्टॉल फाइल, उतरवणे खेड्यातही शक्य झाले. फॉरमॅटनंतर लॅनचा (नेटच्या केबलचा) ड्रायव्हर नसेल तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग, म्हणजे मोबाइलचे नेट संगणकाला देण्याची सोय, सुरू करावे. अँड्रॉइड फोनसाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो.

म्हणजे जुनी कारणे गेली. उरली ती ऊन आणि धूळ. चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकमध्ये दाट बसतात. निळा पडदा येणे, मध्येच बंद पडणे ही लक्षणे अशा ठिकाणी अनेकदा हार्डवेअरची असतात. विंडोज कितीही वेळा टाका, फरक पडत नाही. वीज काढून रॅम बाहेर काढावी, तिच्या पट्ट्या खोडरबराने पुसाव्यात, डिस्कची साटा केबल बदलून पाहावी, पंखा साफ करावा. शासकीय पोर्टल उघडत नसेल तर आधी तारीख पाहावी. बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षे मागे जाते आणि सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. हा थोड्या पैशांचा सेल न बदलता फॉरमॅट मारलेली यंत्रे आम्ही पुष्कळ पाहतो, आणि त्याचे वाईट वाटते.

त्यानंतर डिस्क. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ०५ आणि सी५ या ओळी पाहाव्यात: बदललेले सेक्टर (डिस्कचे छोटे कप्पे) आणि अडकलेले सेक्टर. आकडे वाढत असतील तर विंडोजचे डिस्क तपासणारे चेकडिस्क चालवू नये. मरायला टेकलेल्या डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचायला लावला की उरलेला डेटाही जाऊ शकतो. आधी कॉपी, बाकी सगळे नंतर. डिस्क ठीक असेल तर विंडोजच्याच दोन दुरुस्ती आज्ञा चालवाव्यात: आधी डिझमचे रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ. क्रम उलटा नको, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइली घेते तो साठाच डिझम दुरुस्त करते. डिझम बराच वेळ एकाच टक्क्यावर थांबलेले दिसते. तेव्हा ते बंद करू नये. एवढ्याने भागले नाही, पण विंडोज उघडत असेल, तर त्याच भाषेच्या आणि त्याच आवृत्तीच्या आयएसओमधले सेटअप आतूनच चालवावे आणि फाइली व अ‍ॅप दोन्ही ठेवण्याचा पर्याय निवडावा. फायली बाधित करणारा व्हायरस किंवा बदललेली डिस्क, अशा वेळी मात्र नवे इन्स्टॉलेशनच योग्य.

नव्या इन्स्टॉलेशनची खरी किंमत नंतर कळते. श्रीलिपी, कृतिदेव हे जुने मराठी फाँट गेले की जुने ठराव वाचता येत नाहीत. विंडोजच्या फाँट फोल्डरची प्रत आधी घ्यावी. टॅलीचा डेटा अनेकदा सी वरच असतो. अंगठ्याच्या यंत्राचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (त्या यंत्राचा आधारसाठी लागणारा प्रोग्राम), डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, प्रिंटर, हे सगळे पुन्हा बसवावे लागते. सही स्वतः टोकनमध्ये असते, ती फॉरमॅटने जात नाही. फॉरमॅट न करता कस्टम इन्स्टॉल केले तर जुन्या फाइली विंडोज डॉट ओल्ड या फोल्डरमध्ये राहतात, पण त्या लगेच काढून घ्याव्यात.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक गोष्ट आली आहे. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला की डिस्क आपोआप कुलूपबंद होऊ शकते. दुरुस्तीच्या पडद्यावर ४८ अंकी किल्ली मागितली जाते आणि ती त्याच खात्यात असते. दुकानात कुणा दुसऱ्याच्या ईमेलने खाते बनवले असेल तर किल्लीही तिकडेच. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पडली. सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल पुसली की काम भागत होते, पण अनेक ठिकाणी ही किल्ली शोधण्यातच वेळ गेला.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (बोर्डावरची सुरक्षा चिप) व इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे आता अनेक जुन्या यंत्रांना नव्याने हात लावावा लागणार. तेव्हा जुनी हार्ड डिस्क पुसू नये. २५६ जीबीची एसएसडी घेऊन विंडोज तिच्यावर टाकावी, टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवावी, म्हणजे चुकूनही तिच्यावर काही लिहिले जाणार नाही. ती डिस्क नाव-तारीख लिहून महिनाभर कपाटात ठेवावी. राहून गेलेली फाइल बहुधा याच महिन्यात आठवते.