सर्च इंजिनातला पहिला क्रमांक: पार्श्वभूमी

आपण शब्द टाइप केल्यावर सर्च इंजिन वेबवर शोधायला निघत नाही. त्याचे क्रॉलर, म्हणजे आपोआप पानं वाचणारे प्रोग्रॅम, दुवे (लिंक) धरून पानांमागून पानं आधीच वाचत असतात आणि कोणता शब्द कुठे आहे याची सूची तयार ठेवतात. उत्तर येतं ते या सूचीतून. म्हणून वेग मिळतो. पण जे सूचीत नाही, ते शोधणाऱ्यापुरतं अस्तित्वातच नसतं. मराठीने हे भोगलं आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधी अनेक मराठी संकेतस्थळं आपापले खास फॉन्ट वापरत. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत रोमन चिन्हांची खिचडी असे. ती वाचून क्रॉलरला काय कळणार?

सुरुवात साधी होती. १९९० मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी ‘आर्ची’ बनवलं, तेव्हा वेब लोकांसमोर आलंही नव्हतं. आर्ची एफटीपी (फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) सर्व्हरवरच्या फाइलींची फक्त नावं शोधे. १९९४ मध्ये याहूची संकेतस्थळांची यादी आली, ती माणसं हाताने लावत. त्याच वर्षी वेबक्रॉलरने पानांचा अख्खा मजकूर शोधण्याची सोय केली, आणि १९९५ च्या डिसेंबरात आलेल्या अल्टाव्हिस्टाने तेच काम मोठ्या पसाऱ्यावर झपाट्याने करून दाखवलं.

आता पानं ढिगाने सापडू लागली, पण आधी कोणतं दाखवायचं? शब्द जास्त वेळा तर पान वर, हा नियम कळताच लोकांनी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शब्द कोंबले. यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या, पुढे गूगल उभारणाऱ्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी काढलेला तोडगा मला आजही देखणा वाटतो: दुवा म्हणजे मत, आणि वजनदार पानाचं मत अधिक मोलाचं. संशोधन निबंध इतर निबंधांनी त्यांचे किती दाखले दिले यावरून जोखण्याची पद्धत यूजीन गारफील्ड यांनी १९६० च्या दशकात रुजवली होती. कल्पनेचं मूळ तिथलं. मतंही विकत मिळू लागली, हा भाग वेगळा. दुव्यांचे कारखाने उभे राहिले, आणि २०१२ मध्ये गूगलला ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून त्यांना मागे ढकलावं लागलं.

१९९८ च्या आपल्या निबंधात पेज आणि ब्रिन यांनीच लिहून ठेवलं होतं, की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन जाहिरातदारांकडे झुकणारच. २००० च्या ऑक्टोबरात गूगलने अ‍ॅडवर्ड्स ही जाहिराती विकण्याची सेवा सुरू केली.